गाठीची तार

९ जून १९८५

चि. वायरमन,

अनेक आशीर्वाद. काल नव्या घरात राहायला आलो. अर्धं सामान अजून बांधलेलंच आहे, तुझी ताई एका कढईसाठी तिसऱ्यांदा सगळं घर पालथं घालते आहे, पण मी सगळ्यांत आधी काय उघडलं असेल ते तुला सांगायला नको. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची कोरी जोडी.

तू भिंतीतून घातलेली तार बघून शेजारचे दोघे चाटच पडले. कपाट या भिंतीला, स्पीकर समोरच्या भिंतीला, आणि मधे जमिनीवर एक दोरासुद्धा नाही. मी छाती फुगवून सांगितलं, लायसन्स मिळाल्यावरचं आमच्या मेहुण्याचं हे पहिलं काम. वजन-मापे खात्यातला तपासनीस कुणाची फुकट स्तुती करत नाही, तेव्हा हे जपून ठेव.

एक बारीक तक्रार आहे. माझी ती नेहमीची रेकॉर्ड लावली, बाईंचा आवाज आणि खाली नुसता खर्ज. दुकानात ऐकली तेव्हा बाई दोन स्पीकरच्या बरोबर मधे येऊन उभी राहिली होती. घरी ती उभीच राहत नाही. ओला टॉवेल वाळत घालावा तशी खोलीभर पसरते, आणि खर्ज तर कुठे पळाला देव जाणे. मला वाटतं जोडीच कमअस्सल निघाली. बघू.

एक विचारायचं राहिलं. उजवीकडच्या दोन्ही तारा पांढऱ्या कशा?

तुझा,
दाजी

—

२० जून १९८५

दाजींना नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. स्तुतीचा भाग दोनदा वाचायला लावला तिने.

उजवीकडे लाल-काळी तार संपली होती, दुकान लांब, म्हणून पांढऱ्या दोन घातल्या. घाबरू नका. आमच्या उस्तादांची पद्धत आहे: दोन तारा एका रंगाच्या असल्या की एकीला गाठ मारायची आणि ती लाल समजायची. मी दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवली आहे. कधीही सामान हलवलंत, पुसलंत, बदललंत, तर गाठीची तार लाल स्क्रूला. डोळे मिटून लावा.

स्पीकर नवे आहेत, थोडे वाजले की मोकळे होतील. ताईला सांगा, कढई बहुतेक गादीच्या वळकटीत आहे. मीच कोंबली होती.

तुमचा,
वायरमन

—

७ मार्च १९९३

चि. वायरमन,

आशीर्वाद. हे पत्र सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला घेतो आहे. दोनदा उठलो, दोनदा खोलीत जाऊन आलो.

तू गेल्या महिन्यात दोन दिवस येऊन गेलास ना, त्या संध्याकाळी, तुझी गाडी सुटली असेल नसेल, मी रेकॉर्ड लावली आणि बाई मधे उभी! अरे, खरंच उभी. श्वास कुठे घेते ते कळत होतं. खर्ज असा की पायाखालची फरशी भरून आली. मी तुझ्या ताईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. ती म्हणाली, "छान आहे, पण माझं दूध उतू जाईल." ही माझी तिसरी जोडी, तिला दीड वर्षं मी नावं ठेवतो आहे, आणि एका संध्याकाळी ती अशी बोलायला लागली! आठ दिवस मी ऑफिसातून सरळ घरी आलो. आठ दिवस मी कुणावर ओरडलो नाही, हे तुझ्या ताईचं म्हणणं.

आणि मग गेलं. नवव्या दिवशी पुन्हा तोच ओला टॉवेल.

आता नीट वाच, कारण मी सगळं टिपून ठेवलं आहे. गल्लीत नळाच्या पाइपासाठी खणलं होतं, धुळीमुळे आम्ही तेवढे आठ दिवस बैठकीची मोठी खिडकी घट्ट लावून घेतली होती. काम संपलं. रविवारी खिडकी उघडली, सगळं सामान बाहेर काढून पुसलं, स्पीकर पुसले, गाठ बघून जसेच्या तसे परत जोडले. संध्याकाळी ऐकलं तर आवाज मेलेला. पुन्हा खिडकी लावून बघितली, पण थोडी फट राहतेच, लाकूड फुगलं आहे. मला तर खिडकीचाच संशय येतो. खर्ज तिथून निसटतो. तुझं काय मत? तू होतास तेव्हा काही वेगळं जाणवलं का?

तुझा,
दाजी

—

१८ मार्च १९९३

दाजींना नमस्कार.

पत्र मिळालं. इकडे कामाची गर्दी होती म्हणून उत्तराला उशीर. एका शाळेचं सगळं वायरिंग चाललं आहे.

मला त्या दोन दिवसांत विशेष काही जाणवलं नाही. हवेत ओल असली की आवाज बदलतो असं म्हणतात. विजेचा दाबही कमीजास्त होतो.

उगाच आपलं सुचलं म्हणून लिहितो. एकदा गंमत म्हणून उजवीकडच्या दोन तारा उलट्या लावून बघता का? गाठीची काळ्याला? काही होणार नाही, पण बघायला काय हरकत आहे.

खिडकीचं एवढ्यात काही करू नका. ताईची शिलाई मशीन तिथेच असते ना?

तुमचा,
वायरमन

—

२ एप्रिल १९९३

चि. वायरमन,

अरे, तू माझी परीक्षा घेतोस की काय? गाठीची तार काळ्याला! तूच आठ वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, डोळे मिटून लावा. मी दिवसभर लोकांची खोटी वजनं जप्त करत हिंडतो आणि घरी येऊन स्वतःच उलटा काटा लावू? तुझी गाठ म्हणजे माझ्यासाठी सरकारी शिक्का आहे. उलट तू लिहिल्यावर मी दोन्ही टोकांना सॉल्डर चढवून ती स्क्रूत घट्ट आवळली आणि गाठीच्या तारेला लाल रंग फासला, म्हणजे चुकायचा प्रश्नच नको.

खिडकीचं ठरलं. बुजवायची. गवंडी मिळाला आहे, पुढच्या आठवड्यात दोन दिवसांत काम होईल. तुझी ताई म्हणाली, "मग माझ्या मशीनला उजेड?" मी म्हटलं, तुझा भाऊ कशासाठी आहे? तेव्हा तू ये. मागच्या पडवीत मशीनच्या डोक्यावर ट्यूबलाइट लावून दे, आणि गवंड्याला जरा मदतही कर, तो एकटाच आहे. तुझी ताई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण एकदा आवाज जमला की तिलाही पटेल. ते आठ दिवस मला परत पाहिजेत, वायरमन. मला झोप लागत नाही.

तुझा,
दाजी

—

१५ ऑगस्ट २००४

चि. वायरमन,

आशीर्वाद. पाचवी जोडी आली. कमरेएवढ्या उंचीची आहे, दोन माणसांनी उचलून आणली. तुझी ताई म्हणाली, "आता यांनाच जेवायला वाढत जा."

तीन आठवडे मी यांना बोट बोट सरकवतो आहे. जमिनीवर खडूच्या खुणा इतक्या झाल्या की मोलकरणीने विचारलं, घरात शिवणाचे बेत आहेत का. भिंतीपासून दीड हात, मग दोन हात, मग जरा तिरपे. बैठकीत जाड पडदे लावले, मग काढले. खुर्ची पुढे घेतली. बाई येते, म्हणजे येतेशी वाटते, आणि पुन्हा कडेला सरकते. बुजवलेल्या खिडकीने काही तरी फरक पडला असं मी अकरा वर्षं म्हणतो आहे. तुला खरं सांगतो, पडला नाही. पण हे तुझ्या ताईजवळ बोलू नकोस.

दुकानदार घरी येऊन ऐकून गेला. म्हणाला, "साहेब, एकदा तारा तपासून घ्या." मला राग आला. मी म्हटलं, तारा आमच्या मेहुण्याने घातल्या आहेत, त्याच्या हाताखाली आज बारा माणसं आहेत. तो चपला घालून निघाला. बरं केलं ना?

आता वाटतं अ‍ॅम्प्लिफायर बदलावा. की सहावी जोडी? रविवार आला की मला धडकी भरते. दिवसभर मोकळा, समोर स्पीकर, आणि आत नुसती तगमग.

तुझा,
दाजी

—

१ सप्टेंबर २००४

दाजींना नमस्कार.

कार्डच लिहितो, घाईत आहे. दुकानदाराचं एवढं मनावर घेऊ नका. पण तपासायला हरकत नव्हती. मी येऊन बघीन म्हणतो. दिवाणखान्यात तेव्हा दुसरं कुणी नसलं तर बरं.

या वर्षी जमेल असं वाटत नाही.

तुमचा,
वायरमन

—

३ नोव्हेंबर २०१७

चि. वायरमन,

आशीर्वाद. हल्ली कुणी पत्र लिहीत नाही, पण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

सातवी जोडी दोन महिन्यांपूर्वी आणली होती. आमच्या दोघांच्या वयात शोभणार नाही अशी. लावली, बसलो, आणि तेच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सात जोड्या बदलल्या, तीन अ‍ॅम्प्लिफायर बदलले, खिडकी गेली, पडदे आले-गेले. न बदललेली एकच वस्तू त्या खुर्चीत बसते. माझे कानच.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणतात, वयाच्या मानाने छान आहेत. त्यांना काय कळतं? मी पस्तीस वर्षं तराजू तपासले. ज्याचा काटाच वाकडा आहे, त्याला कितीही नवी वजनं दिली तरी माप खोटंच येणार. अशा तराजूवर मी शिक्का मारायचो, "बाद", आणि दुकानदाराचं काही ऐकून घ्यायचो नाही. आता स्वतःवर मारायची वेळ आली.

तेव्हा सगळं देऊन टाकतो आहे. रेकॉर्डी सव्वाचारशे, प्लेअर, स्पीकर, सगळं. गावाबाहेर अंध मुलांची शाळा आहे, त्यांची गाडी तेरा तारखेला येते. त्यांचे कान तरी खरे असतील. तुझी ताई पहिल्यांदाच "नका देऊ" म्हणाली. म्हणते, "गाणं नाही तर तुम्ही घरात करणार काय? माझ्या मागे मागे फिराल." मी ठाम आहे. पण रात्री उठून रेकॉर्डींच्या पाठी चाचपतो, हे तुला म्हणून सांगतो.

ते आठ दिवस आठवतात का रे तुला? बहुतेक तेही माझ्या मनाचेच खेळ.

तुझा,
दाजी

—

८ नोव्हेंबर २०१७

दाजींना नमस्कार.

परवा तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि मी ताईच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून लिहितो. हे पत्र तेराच्या आत पोचावं म्हणून स्वतः मोठ्या पोस्टात जाऊन टाकणार आहे.

तुमचे कान चांगले आहेत. ते आठ दिवस खरे होते. काटा वाकडा नाही दाजी, वजन मी खोटं ठेवलं.

तुमच्या घराचं वायरिंग केलं तेव्हा उजवीकडच्या दोन पांढऱ्या तारांपैकी एकीला स्पीकरच्या टोकाला गाठ मारली. मग दुसऱ्या टोकाला कपाटापाशी आलो, तेवढ्यात ताईने चहाला हाक मारली. चहा पिऊन परतलो तर कुठली तार कुठली ते आठवेना. एक सेल आणि छोटा बल्ब लावून तपासायला दोन मिनिटं पुरली असती. मला पाचची गाडी पकडायची होती. अंदाजाने गाठ मारली. ती चुकीच्या तारेवर बसली.

म्हणजे काय होतं ते सांगतो. डाव्या स्पीकरचा पडदा पुढे येतो त्याच वेळी उजव्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात, आणि मधला आवाज मधे राहत नाही. स्पीकर कितीही भारी आणा, हेच होणार. तुम्ही पहिल्याच पत्रात जे लिहिलं होतंत, ओला टॉवेल, ते अगदी बरोबर होतं.

मला हे त्र्याण्णव साली कळलं. तुम्ही ऑफिसात होतात. मी सहज रेकॉर्ड लावली आणि पहिल्या ओळीलाच थांबवली. तारांना सेल लावून बघितला, डावा पडदा बाहेर आला, उजवा आत गेला. मी मागच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि कुणाला न सांगता गाडीत बसलो. म्हटलं, झालं, मिटलं. तुम्हाला ते आठ दिवस मिळाले ते त्यामुळे. मग तुम्ही सगळं पुसलंत आणि गाठ बघून परत जोडलंत. मीच तसं शिकवलं होतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली. माझं पहिलं काम, तुम्ही चारचौघांत केलेलं कौतुक, आईने दोनदा वाचायला लावलेलं पत्र. "उलटी लावून बघा" एवढंच कसंबसं लिहिलं. मग भिंत झाली, आणि त्यानंतर माझं तोंडच बंद झालं. नंतरही कितीदा आलो, पाच मिनिटांचं काम होतं. तुमचा तो लाल रंग बघायचो आणि परत फिरायचो. माझ्या माणसांना मी रोज ओरडतो, दोन्ही टोकं तपासल्याशिवाय गाठ मारू नका. का ओरडतो ते त्यांना माहीत नाही.

उजव्या स्पीकरमागे जा. लाल रंगाची तार काळ्या स्क्रूला, दुसरी लाल स्क्रूला. बाकी काही करायचं नाही. पण गाडी परत पाठवा, दाजी. तुमची बत्तीस वर्षं मी खाल्ली. माफ करा असं लिहायलाही हात धजत नाही, तरी लिहितो. माफ करा.

वायरमन

—

१३ नोव्हेंबर २०१७

पत्र सकाळी पोचलं. शाळेची गाडी दुपारी दारातून परत पाठवली, त्यांना जोडी नंबर सहा दिली.

स्क्रू अजून सोडलेला नाही. फोन करू नकोस.

—

२६ नोव्हेंबर २०१७

बाळा,

तुला लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आजवर त्यांच्याच पत्रात "तुझी ताई म्हणाली" एवढी मी असायचे. ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. चार दिवस खोलीत येरझाऱ्या. स्पीकरमागे वाकायचे आणि कंबर धरून परत यायचे. मी विचारलं, "अहो, एक स्क्रू तर आहे, अडलंय कुठे?" म्हणाले, "उलटी करून काही फरक पडला नाही तर कान गेले. आणि पडला तर बत्तीस वर्षं गेली." मग पाचव्या दिवशी मला हाक मारली. हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "तू कर." मी केलं. मशीनचे स्क्रू जन्मभर मीच सोडले आहेत, मला त्यात काय.

रेकॉर्ड लावली. मला गाण्यातलं कळत नाही, पण बाई मधे येऊन उभी राहिली ती मलाही दिसली. ते खुर्चीतून हलले नाहीत. रेकॉर्ड संपली, सुई नुसती फिरत राहिली, मीच जाऊन उचलली. मग ते रडले. मामंजी गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आता माझी खिडकी." त्यांच्या पुन्हा येरझाऱ्या सुरू, भिंतीवर बोटं वाजवून बघणं सुरू. परवा म्हणतात, "खर्ज आता जरा जास्तच घुमतोय, ती भिंत काढावी लागेल." तुझ्यासाठी काढतो असं म्हणायला जीभ रेटली नाही. मी हसले नाही. तुमच्या दोघांवर हसायचं मी सोडलं आहे.

आता माझं ऐक. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात त्यांची माफी मागितली आहेस, दोन वेळा. माझे त्यात गुडघे आहेत, आणि चहाची हाक आहे. म्हणजे चूकसुद्धा माझ्या चहामुळे! खिडकी कुणाची होती रे? चोवीस वर्षं मी भरदिवसा ट्यूबलाइटखाली सुईत दोरा ओवला. ट्यूबलाइट तू लावलीस. गवंड्याच्या हातात विटा तू दिल्यास, आणि तुला माहीत होतं. मी तुम्हा दोघांना चहा दिला, तू मान वर करून बघितलं नाहीस. मला वाटलं, दमला असेल पोर.

मला खूप राग आला आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही. पण तू यायचं बंद करू नकोस. आपल्या दोघांना आता आणखी कोण आहे?

त्यांना विचारलं, गवंडी कुठला बोलवायचा. म्हणाले, "ज्याने विटा दिल्या होत्या, त्यालाच काढायला बोलाव." एवढंच बोलले, पण बोलले. तेव्हा रविवारी सकाळी ये. छन्नी-हातोडा घेऊन ये. दिवसभराचं काम आहे. संध्याकाळी माझी मशीन पडवीतून परत खिडकीशी आणायची, ती लोखंडी आहे, तू एकट्याने उचलायची. चहा मी करीन. हाक मारली तरी काम अर्धं टाकून उठू नकोस.

तार आणू नकोस.

ताई